सातव्या होलवरून दिसणारी बाल्कनी

"म्हणजे आम्ही तिघं आणि तुम्ही चौघी," जयंत फोनवर म्हणाला, आणि मी हातातला धुतलेला पेला पुन्हा सिंकमध्ये ठेवला. हिशोब चोख होता. मे महिन्यात गोल्फ खेळायला दक्षिणेकडे कुठेतरी उन्हात जायचं, हा चार डॉक्टर आणि त्यांच्या चार बायकांचा कित्येक वर्षं चालत आलेला कुळाचार. त्यातला पद्माकर, माझा नवरा, गेल्या ऑक्टोबरात गेला. आठातून एक वजा. जयंत लंडनमधल्या एजवेअरचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बोलायला मऊ. पेशंटला वाईट बातमी द्यायची तर आधी हवापाण्याचं बोलून घेणारा. माझ्याशीही तो आधी स्टॅनमोरच्या थंडीबद्दल बोलला, मग म्हणाला, "जागा दर वर्षी पद्माकरच ठरवायचा, वहिनी. सो धिस इयर वुई ऑल फील, तुम्ही ठरवा. एनीव्हेअर. आणि खेळायचं म्हणाल तर वुई आर थ्री, तिथला स्टार्टर कुणालातरी आमच्यात जोडून देईल. दॅट्स नो प्रॉब्लेम." स्टार्टर म्हणजे पहिल्या होलपाशी लाकडी खोपटात बसणारा माणूस. चौघांचा गट पुरा नसला की एकटाच आलेला कुणीतरी तो त्यांच्यात घालून देतो. म्हणजे पद्माकरच्या जागी एखादा डच नाहीतर बेल्जियन गृहस्थ चालणार, आणि माझ्या जागी मीच, बाल्कनीत. "मला काय, कुठेही चालेल," मी म्हणाले. पुढच्या रविवारी आशाला घेऊन येतो, तोवर ठरवून ठेवा, आणि पद्माकरची गोल्फची बॅग गॅरेजमध्ये असेल तीही नेतो, आमच्या क्लबात नव्याने शिकणाऱ्यांना देतात, तुम्हाला तेवढीच जागा मोकळी, असं सगळं सांगून त्याने फोन ठेवला. मला त्याचा राग आला नाही. माझ्या त्या उत्तराचा आला.

ते उत्तर मी सांगलीहून आणलंय. आमच्या घरात काय हवं ते तोंडाने सांगणं म्हणजे हावरटपणा. कुणाकडे गेलं आणि चहा की सरबत विचारलं की म्हणायचं, काहीही चालेल. मग समोरच्याने ओळखायचं. समोरचाही त्याच मुशीतला निघाला तर दोघंजण कुणालाच नको असलेलं सरबत पीत बसतात. पद्माकर कोल्हापूरचा, पुण्याच्या मेडिकल कॉलेजात माझ्याच वर्गात, आणि त्याच्या घरीही हाच खाक्या. आमचं लग्न आम्हीच जमवलं असं आम्ही मोठ्या ऐटीत सांगायचो, पण तेव्हाही "तुला चालेल ना?" "हो, मला चालेल," एवढ्यावरच ते उरकलं होतं. पुढे तो हाडं जोडायचा आणि मी भूल द्यायचे. मी त्याच्याआधी कन्सल्टंट झाले. ऑपरेशन थिएटरात माझ्या एका मानेच्या हालचालीवर सर्जन हातातली सुरी थांबवत. पण मे महिन्यातल्या त्या आठवड्यात मी वहिनी असायचे, आणि वहिनीचं ठिकाण ओट्यापाशी नाहीतर बाल्कनीत. तशी सक्ती कुणीच केली नव्हती. कुणी केली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

फेब्रुवारी आला की पद्माकर संध्याकाळी टीव्हीवर टेलिटेक्स्टची, म्हणजे स्वस्त सहलींच्या जाहिरातींची, पानं लावून बसायचा. काळ्या पडद्यावर हिरवीपिवळी अक्षरं यायची, फारो, मालागा, मुर्सिया, पाल्मा, आणि वाचून व्हायच्या आत पान उलटायचं. मग ते फिरून परत येईपर्यंत वाट बघायची. मालविकाने त्याला इंटरनेट दाखवलं होतं, पण त्याला हे वाट बघणंच आवडायचं. स्वस्त वेगळं आणि वसूल वेगळं, असं तो म्हणायचा. विमानतळापासून इतकं लांब नको की टॅक्सीतच सगळी बचत जावी. मोठ्या रिसॉर्टचं कोर्स नको, कारण तिथे बग्गी घ्यावीच लागते आणि पायांनी चालायला मिळत नाही. गावातले म्हातारे सकाळी जिथे खेळायला येतात असं साधं कोर्स हवं, आणि राहायला हॉटेल नको, गॅसची शेगडी असलेला फ्लॅट हवा. शेगडी कुकरसाठी. विमानात गोल्फच्या बॅगेचं वजन वेगळं धरत, त्यामुळे तिच्या प्रवासी कव्हरात क्लब्जच्या, म्हणजे खेळायच्या काठ्यांच्या, शेजारी माझा कुकर जायचा, टॉवेलात गुंडाळून. बुटांच्या कप्प्यात गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट. ती बॅग भरण्याचं काम दर वर्षी माझं. एकदा फारोच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती उघडायला लावली आणि टॉवेल सोडून कुकर दोन्ही हातांनी वर धरला. मागे आमचे चार नामांकित डॉक्टर कॉपी करताना सापडलेल्या पोरांसारखे उभे. पद्माकरने हातवारे करून भात, वाफ, झाकण असं समजावलं. त्या माणसाने थोडा वेळ विचार केला, मग गाल फुगवून शिट्टीचा हुबेहूब आवाज काढला आणि म्हणाला, माझ्या आईकडे पण आहे. पद्माकर तो आवाज पुढे कित्येक वर्षं काढून दाखवायचा. आता या घरात तो आवाज काढणारं कुणी नाही, आणि हे असं एखाद्या मंगळवारी दुपारी, काही कारण नसताना लक्षात येतं.

मालविका, आमची मुलगी, रेडिंगला असते. जयंतचा फोन तिला सांगितला तर ती लगेच कामाला लागली. "आई, तू ऑल-इन्क्लुझिव्ह का नाही घेत? माझी कलीग स्पेनला गेली, तिची हॉटेल एकदम मस्त होता. तुला कुकिंग नाही करायला लागणार. यू कॅन जस्ट सिट."

"बसलेलीच असते मी," मी म्हणाले.

"दॅट्स व्हॉट आय मीन. रिलॅक्स कर ना." मग कीबोर्डचा आवाज आला, मग थांबला. "तुला पाहिजे काय पण? बाबाने कधी विचारला नाही तुला?"

"विचारायचा. रोज सकाळी विचारायचा."

"आणि तू काय सांगायची?"

मी म्हटलं, दारावर कुणीतरी आलंय. कुणी आलेलं नव्हतं. हॉलच्या खिडकीतून समोरची चेरीची उघडी झाडं दिसत होती आणि मी तिथे उभी राहून दारावर कुणी आल्यासारखा वेळ जाऊ दिला. सिसिली, सायप्रस, माल्टा, मालविकाने पाठवलेली पानं मी छापून टेबलावर पसरली होती आणि त्यांतलं प्रत्येक मला चाललं असतं. खरी अडचण तीच होती. पोर्तुगाल की स्पेन हा प्रश्नच नव्हता. जायचं तर कोण म्हणून जायचं, हे मला रविवारपर्यंत ठरवायचं होतं, आणि पद्माकरच्या जागी कुणी परका चालताना वरून बघायचं असेल तर मला जायचंच नव्हतं. तसं कळवून टाकावं, तब्येतीचं कारण सांगावं, असं दोन दिवस फार वाटलं.

ग्लासगोत आम्ही नवे होतो तेव्हा गोल्फ ही चैन नव्हती. तिथे कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, कोर्स होतं, टेकडीच्या उतारावर. बसचे कंडक्टर, गोदीतले कामगार, कुणीही येऊन खेळायचं. पद्माकरच्या वरिष्ठांनी त्याला सहज म्हटलं होतं, यू प्ले, डोन्ट यू? आणि तो, हातात कधी क्लब न धरलेला, हो म्हणून बसला होता. मग शिकणं आलं. जुन्या बाजारातून अर्धा सेट घेतला, आणि जूनमध्ये, दहा वाजेपर्यंत उजेड असायचा त्या दिवसांत, ड्यूटी संपली की आम्ही दोघं जायचो. त्याच सेटबरोबर दुकानदाराने एक आखूड आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, फुकट दिली होती, कुणा बाईची असणार, मुठीवरचं रबर फाटलेलं. मी थिएटरातली गुलाबी चिकटपट्टी आणून मुठीला गुंडाळली, पेशंटच्या हाताला गुंडाळते तशी, तिरकी, एकावर एक. तो लांब मारायचा आणि झुडपात घालवायचा. माझा चेंडू लांब जात नसे, पण सरळ जायचा. कुत्रं घेऊन फिरणारा एक म्हातारा थांबून म्हणाला होता, दॅट्स अ टायडी वी स्विंग, हेन. फटका नेटका आहे म्हणत होता, पण कोंबडी म्हणाला म्हणून मी फणकारले, तर पद्माकर हसत गवतावर बसलाच. तिथे बाईला मायेने तसंच म्हणतात, हे मला वॉर्डातल्या सिस्टरने दुसऱ्या दिवशी सांगितलं. परत येताना चिप्स घ्यायच्या, व्हिनेगरने कागद ओला व्हायचा, आणि बसस्टॉपवर पद्माकर माझ्या स्विंगची नक्कल करून दाखवायचा. पैसा नव्हता, आईची पत्रं पंधरा दिवसांनी यायची, खोलीत हीटरला नाणी घालावी लागत. आणि तरी माझ्या आयुष्यात मी सगळ्यात सुखी कधी होते असं कुणी विचारलं तर मी तो बसस्टॉप सांगेन.

मग लंडन. इथला क्लब खाजगी, टाय लावून जायचं, आणि शनिवारी सकाळी तिथे बायकांना खेळायला परवानगी नव्हती. बायकांचा दिवस मंगळवार, आणि मंगळवारी माझं थिएटर. मग मालविका झाली. ती चालायला लागल्यावर एका सकाळी पद्माकरने दारात बूट घालता घालता विचारलं, "येतेस का? की आराम करायचाय?" मी आठवडाभर रात्रपाळ्या केल्या होत्या, ते त्याला माहीत होतं, म्हणून तो तसं विचारत होता. आणि मला वाटलं, पुरुषांत याला आपली अडचण होत असेल, म्हणून मी म्हणाले, मला काय, काहीही चालेल. त्याने बुटाची नाडी बांधली आणि म्हणाला, "मग झोप तू." किती प्रेमाने म्हणाला होता. पुढे सुट्टीतही रोज सकाळी तो हेच विचारायचा आणि मी हेच सांगायचे, इतकं की त्याचं विचारणं आणि माझं सांगणं चहाइतकंच सवयीचं झालं. आम्ही दोघं एकमेकांना जपत होतो. त्यापायी एवढी वर्षं गेली.

टेबलावरची पानं बाजूला सारली तरी एक जागा मनातून जाईना. पोर्तुगालच्या पूर्वेकडचं ते गाव, स्पेनच्या हद्दीजवळचं, जिथे आम्ही लागोपाठ तीन वर्षं गेलो. पद्माकर एरवी जागा बदलणारा, पण तिथे परत परत घेऊन गेला. समुद्र लांब होता, मिठागरं जवळ, दुपारी रोहित पक्षी उतरायचे. कोर्स सपाट, आमच्या सांगलीच्या पेठेत घराला घर असतं तसं घरांच्या कडेला लागून. फ्लॅटच्या बाल्कनीतून सातवं होल स्पष्ट दिसायचं. अकराच्या सुमारास ते चौघं तिथे पोचायचे, आणि पद्माकर ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीच्या, कडेला उभा राहून, एक क्लब वर धरून, मला हात करायचा. आत कुकर लावलेला असायचा. मला वाटायचं, भूक लागली आहे, जेवणाचं विचारतोय. मी बाल्कनीतून दोन बोटं दाखवायचे: अजून दोन शिट्ट्या बाकी आहेत. तीही तळहात आत ठेवून, आणि इंग्लंडात तशी दोन बोटं दाखवणं ही अर्वाच्य शिवी आहे, हे एवढी वर्षं इथे राहूनही मला सुचलं नाही. मागून येणाऱ्या कुणा इंग्रज जोडप्याने ते पाहिलं आणि चौघांतला शशी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत सुटला की वहिनी नवऱ्याला बाल्कनीतून शिव्या घालतात. पद्माकर मात्र माझी बोटं बघून क्लब खाली घ्यायचा आणि आठव्या होलकडे चालायला लागायचा. मी आत जाऊन गॅस बारीक करायचे. तिन्ही वर्षं रोज हेच. मला ती माझ्या दिवसातली सगळ्यात छान वेळ वाटायची, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

शनिवारी मी गॅरेज उघडलं. द्यायची तर बॅग पुसून द्यावी, एवढंच डोक्यात होतं. कव्हर काढलं तर आतून गोड्या मसाल्याचा वास आला. मग एकेक क्लब बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसत भिंतीला लावत गेले. बॅगेत चौदाच क्लब ठेवायचा नियम असतो, हे मला माहीत होतं, कारण पद्माकरच्या बॅगेत खेळायचे क्लब नेहमी तेराच असतात अशी त्याची थट्टा व्हायची आणि थट्टा मला किचनपर्यंत ऐकू यायची; का, ते मी विचारलं नव्हतं. शेवटचा क्लब बाकीच्यांच्या मधे खोल गेलेला होता, कारण तो आखूड होता. मुठीवर गुलाबी चिकटपट्टी. तिरकी, एकावर एक, कडेला काळवंडलेली, आणि मधे एका ठिकाणी नवी, अलीकडे कुणीतरी गुंडाळलेली. गुंडाळणाऱ्याला माझ्यासारखं तिरकं जमलं नव्हतं, त्याला प्लास्टर घालायची सवय. हा क्लब विमानात माझ्या कुकरला टेकून एवढे प्रवास करून आला होता. दर वर्षी माझ्याच हाताने मी त्याच्याभोवती टॉवेल कोंबले होते आणि माझं सगळं लक्ष झाकणाची शिट्टी हरवत तर नाही ना, याकडे. मी तो हातात घेतला. गॅरेजच्या त्या थंड फरशीवर पाय जरा फाकवून उभी राहिले आणि खांदे आपोआप वळले. मग मी रडले, चांगली मोठ्याने रडले, शेजारच्या घरातला रेडिओ लागलेला होता त्यामुळे बरं झालं.

रविवारी जयंत आणि आशा आले. आशाने शिऱ्याचा डबा आणला होता. चहा झाला, हवापाण्याचं झालं, आणि मग मी तो क्लब टेबलावर ठेवला.

"अरे, ही अजून आहे?" जयंत म्हणाला. "आम्ही फार चिडवायचो त्याला. जस्ट डेड वेट, म्हणायचो. तो म्हणायचा, असू दे."

"आणखी काय म्हणायचा?"

"काही नाही. असू दे, एवढंच." त्याने चष्मा काढून पुसला. "सातव्या होलला बाहेर काढायचा फक्त. पोर्तुगालला. शॉट कधी मारला नाही त्याने. वर धरून तुम्हाला हात करायचा ना? आम्हाला वाटायचं, तुमचं दोघांचं काहीतरी ठरलेलं आहे."

"आमचं काहीच ठरलेलं नव्हतं," मी म्हणाले. तो मला बोलावत होता, की नुसताच हात करत होता, हे आता मला कुणी सांगू शकणार नाही. बोलावतच होता असं मी धरून चालणार आहे. मला तेवढा हक्क आहे.

जयंतने घसा साफ केला. "मग, जागेचं काही—"

"तीच जागा. पोर्तुगाल, मिठागरांजवळची. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, तेव्हा पद्माकरच्या हिशोबाने वसूल असते. आणि बॅग न्यायची नाही."

"ऑफ कोर्स, वहिनी. मग मी तिथे मेल करून ठेवतो, चौथा कुणीतरी द्या म्हणून."

"चौथा नको. चौथी मी आहे."

जयंतने आशाकडे पाहिलं, डॉक्टर लोक पेशंटसमोर नर्सकडे बघतात तसं. "तुम्ही खेळता?"

"ग्लासगोत खेळायचे. लांब जात नाही. सरळ जातो."

आशा म्हणाली, "मग कुकरकडे कोण बघणार?" आणि आपणच हसायला लागली, आणि जयंतही हसला. मग तो म्हणाला की दोन महिने आहेत, एजवेअरजवळ सरावाची रेंज आहे, मंगळवारी सकाळी तो रिकामाच असतो, नेईन तुम्हाला. मी मला काहीही चालेल असं म्हणाले नाही. मंगळवार चालेल, म्हणाले, दहा वाजता, आधी नको.

ते गेल्यावर मी कपबशा विसळल्या. मे महिन्यात एका सकाळी, अकराच्या सुमारास, मी त्या सातव्या ग्रीनवर असेन. बाल्कनीच्या कठड्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत असतील, नाहीतर काहीच नसेल. मी हा क्लब वर धरीन. आणि मग दुसऱ्या हाताने पद्माकरला दोन बोटं दाखवीन, तळहात आत ठेवून, मागून कुणी इंग्रज येत असले तर येऊ देत. थोडं थांब, अजून दोन शिट्ट्या बाकी आहेत.